मी आणि चिनी बोलणारा रेडिओ

मित्रांनो, माझ्या तोंडात कॅसेट सरकवली की मी ती हळूच आत ओढून घेत असे. आत चाके फिरू लागत आणि वर ठेवलेल्या टीव्हीच्या काचेवर माणसे चालू लागत, भांडू लागत, रडू लागत. तुम्ही ओळखले असेलच. मी व्हीसीआर आहे आणि माझे वय झाले आहे. माझे एक बटण केव्हाच तुटून पडले. त्या जागी दातांच्या डॉक्टरांनी कवळीच्या गुलाबी मसाल्याचे बटण करून बसवले आहे. नवीन माणूस ते पाहून हसतो. मला मात्र ते छातीवरच्या पदकासारखे वाटते.

नागपुरात माझ्यासारखे व्हीसीआर पुष्कळ आले. लग्नघरी, गणपतीच्या मांडवात, भाड्याच्या दुकानांत ते हिंदी सिनेमे दाखवत दमून गेले. मी पाचपावलीच्या एका गल्लीत चिनी मालिका दाखवल्या. पाचपावलीतल्या म्हाताऱ्या बायका चिनी सुनेची बाजू घेऊन चिनी सासूला शिव्या देत, हे मी या डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून माझी गोष्ट सांगताना माझी मान थोडी ताठ होते, ती तुम्ही चालवून घ्या.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या मुलींनी माझे एकेक चाक बसवले. तिथून बोटीने मी हाँगकाँगला गेलो आणि एका दुकानाच्या काचेत उभा राहिलो. एके दिवशी एक गृहस्थ आले. चेहऱ्याने चिनी, पण माझी किंमत ऐकून स्वतःशीच पुटपुटले ते मराठीत. त्यांनी मला विकत घेतले, रजईत गुंडाळले आणि नागपूरला आणले.

हे गृहस्थ म्हणजे चेन डॉक्टरांचे चिरंजीव. चेन डॉक्टरांचे वडील फार पूर्वी चीनमधून दात बसवण्याची कला घेऊन नागपुरात आले होते. डॉक्टरांचा जन्म इथलाच. गल्लीच्या तोंडाशी त्यांचा दातांचा दवाखाना, आणि मागे घर. मुलगा तरुणपणीच हाँगकाँगला निघून गेला. मुलगी लीना वडिलांजवळ राहिली आणि आता त्यांच्यासोबत दवाखाना चालवत होती. लीना हे नाव चीनमध्येही ठेवतात आणि नागपुरातही, त्यामुळे गल्लीला ते कधी परके वाटले नाही. सगळे तिला लीनाबाई म्हणत.

डॉक्टर मात्र फार कमी बोलत. रुग्णाला "आ करा" आणि लेकीला दोन शब्द, इतकेच त्यांचे दिवसाचे बोलणे.

मुलाने मला दवाखान्यातल्या कपाटावर ठेवले, कॅसेटची पेटी शेजारी ठेवली आणि वडिलांना म्हणाला, "बाबा, हे पाहत जा. तिकडचं जग कसं हाये ते दिसेल. पुढच्या खेपेला मी तुम्हाले अन् लीनाले घेऊनच जातो. इथं तुमच्याशी बोलते तरी कोण?"

डॉक्टर खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "पाहू."

खिडकीच्या समोरच नानाजींचे घर होते. नानाजी हातमागावर लुगडी विणत. आता जे सांगतो ते मला पुढे गल्लीच्या बोलण्यातून कळले. डॉक्टर आणि नानाजी हे एके काळचे जिवलग मित्र. संध्याकाळी दवाखाना बंद झाला की दोघे एका खाटेवर बसत आणि गप्पा मारत. मग बासष्ट साली चीनशी लढाई झाली. चिनी वंशाचे म्हणून डॉक्टरांच्या पोलीस चौकशा सुरू झाल्या. शहराबाहेर जायचे तर परवानगी काढावी लागे. अशातच एका संध्याकाळी नानाजी नेहमीसारखे आले, तर डॉक्टरांनी दारातूनच त्यांना सांगितले, "काम नसेल तर येत जाऊ नका." आणि दार लावून घेतले. नानाजी मानी माणूस. ते उलट पावली गेले आणि नंतर त्यांनी तो रस्ता कधी ओलांडला नाही. त्यांची पत्नी अंजनाबाई तेवढी मागच्या दाराने लीनाबाईंकडे येत-जात असे. दोन मित्र वीस वर्षे समोरासमोर राहिले आणि एकमेकांशी बोलले नाहीत.

अशा घरात मी आलो होतो.

पहिल्या रविवारी दुपारी लीनाबाईंनी मला टीव्हीला जोडले आणि शेजारच्यांना बोलावले. प्रेमिला आली, तिचे यजमान गोपाळराव आले, अंजनाबाई आली. गोपाळराव खापरखेड्याच्या वीज केंद्रात कामाला होते. प्रेमिला आणि लीनाबाई एका वर्गात शिकलेल्या. लीनाबाईंनी पेटीतली सगळ्यांत भारी मालिका निवडली, राजवाड्याची. मी मोठ्या ऐटीत सुरू झालो. काचेवर राजा आला, राण्या आल्या, दासी आल्या, पण आवाज आलाच नाही. नुसती खरखर. शिवाय टीव्ही काळा-पांढरा. सगळ्या राण्या एकसारख्या दिसत. कोण कोणाला विष देते आहे ते कोणालाच कळेना. थोड्या वेळाने अंजनाबाई बसल्या जागी घोरू लागली.

मला फार शरम वाटली. इतक्या दूर येऊन मी मुका ठरलो होतो.

गोपाळरावांनी मला उलटे करून पाहिले. "याचा दोष नाई," ते म्हणाले, "तिकडच्या मशीनचा आवाज इकडच्या टीव्हीले पकडता येत नाई. पण मागं आवाजाचं वेगळं भोक हाये. ज्याले ग्रामोफोन जोडता येते असा मोठा रेडिओ भेटला, तर त्याच्यातून आवाज काढतो मी."

अंजनाबाई तोवर जागी झाली होती. "आमच्या घरी हाये ना रेडिओ," ती म्हणाली. "अन् हे रामटेकले गेले हायेत लेकीकडं, धानाच्या कापणीले. ते येईपर्यंत घ्या."

गोपाळरावांनी नानाजींचा जुना, लाकडी पेटीचा रेडिओ उचलून आणला आणि माझी तार त्याला जोडली. चित्र टीव्हीत आणि आवाज रेडिओत, अशी आमची जोडी जमली. ज्या रेडिओतून रोज बातम्या आणि भजने येत, तो घसा खाकरून एकदम चिनी बोलू लागला. प्रेमिला इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आले.

या वेळी लीनाबाईंनी राजवाडा बाजूला ठेवला. "प्रेमिला, तूच सांग," त्या म्हणाल्या. "एक तलवारीची हाये, एक न्यायाधीशाची हाये, चोर पकडते तो. एक भुतांची हाये. अन् ही एक शेवयांच्या दुकानाची हाये. तीन सुना अन् एक सासू."

"सासूची लाव वं," अंजनाबाई मध्येच म्हणाली. "तिच्यात काही समजावून सांगाय लागणार नाई."

आणि तसेच झाले. तीन सुना पहाटे उठून पीठ मळत, सासू धाकटीच्या हातच्या शेवयांना नाव ठेवी, मोठी गुपचूप माहेरी शेवया पाठवी. लीनाबाई एकेक वाक्य नागपुरी बोलीत सांगत, पण अर्ध्या वेळा सांगण्याआधीच प्रेमिला म्हणे, "समजलं, समजलं, पुढं जाऊ दे." त्या दिवशी मी एक गोष्ट शिकलो. परक्या देशाची गोष्ट बघायची तर भपक्याच्या दारातून शिरू नये. आपल्या घरासारखे घर जिथे दिसेल, तिथून शिरावे.

दुसऱ्या रविवारी दवाखान्याचा बाक भरला. तिसऱ्या रविवारी दारात चपलांचा ढीग पडला. गल्लीतल्या सगळ्या घरांतली माणसे येऊन बसू लागली. शेवयांनंतर न्यायाधीश आला. चोर कोण, यावर पुरुषमाणसे पैजा लावू लागली. मग तलवारीची मालिका सुरू झाली, एका तलवारवालीची आणि एका नावाड्याची, आणि गल्लीतली पोरे भिंतीवरून उड्या मारू लागली. लीनाबाईंचा घसा सांगून सांगून बसे. डॉक्टर मात्र कधी बाहेर येऊन बसले नाहीत. आतल्या खोलीच्या पडद्याआड त्यांची खुर्ची असे. माझा आवाज सुरू झाला की ती खुर्ची पडद्याच्या जवळ सरके, ते फक्त मला दिसे.

कापणी आटोपून नानाजी परत आले. रेडिओची जागा रिकामी पाहून त्यांनी विचारले, "रेडिओ कुठं हाये?"

"दवाखान्यात," अंजनाबाई म्हणाली. "रविवारी तो तिकडं जाते. बाकीचे दिवस तुम्ही ऐका."

ही गोष्ट तिनेच दुसऱ्या दिवशी हसत हसत आमच्याकडे सांगितली. नानाजी चिडले, पण बायकोपुढे त्यांचे काही चालले नाही. रविवारी ते ओट्यावर बसत आणि रस्त्यापलीकडून आपलाच रेडिओ चिनी बोलताना ऐकत. संध्याकाळी अंजनाबाई मागासाठी सुताच्या कांड्या भरता भरता त्यांना सगळी गोष्ट सांगे. तिच्या सांगण्यात न्यायाधीश शेवयांच्या दुकानात जाई आणि तलवारवाली सासूशी भांडे. नानाजी मागावर मान खाली घालून बसत, जणू त्यांचे लक्षच नाही. मग हळूच विचारत, "अन् नावाड्यानं काय केलं मग?"

एका रविवारी अंजनाबाई भावाकडे उमरेडला गेली. तलवारीची मालिका अगदी ऐन रंगात आली होती. मी सुरू झालो. थोड्या वेळाने दारात सावली पडली. नानाजी उभे होते. वीस वर्षांनी त्यांनी तो रस्ता ओलांडला होता.

"रेडिओ न्यायले आलो," ते म्हणाले.

"हा भाग संपू द्या, नानाजी," लीनाबाई म्हणाल्या. "बसा ना."

ते बसले नाहीत, पण गेलेही नाहीत. चौकटीला हात लावून उभे राहिले.

त्या भागात दोन मित्र होते. एक नावाडी आणि एक धनुष्ये बनवणारा म्हातारा. राजाचे सैनिक म्हाताऱ्याला दोरांनी बांधून वेशीवर आणतात. नावाडी गर्दीतून वाट काढत पुढे येतो. सैनिकांचा अधिकारी म्हाताऱ्याला विचारतो, हा तुझा कोण? म्हातारा नावाड्याकडे एकदा पाहतो, काहीतरी बोलतो आणि तोंड फिरवतो.

लीनाबाईंनी सांगितले, "तो म्हणते, मी या माणसाले ओळखत नाई."

"असेच असतात," नानाजी दारातून मोठ्याने बोलले. "सालोसाल सोबत बसा, अन् एक दिवस तोंड फिरवून घेतात."

ते कोणाला बोलले हे सगळ्यांना समजले होते. लीनाबाईंना पुढे सांगवेना. काचेवर नावाडी मान खाली घालून नदीच्या कडेने निघाला होता आणि रेडिओ एकटाच बोलत राहिला होता.

तेव्हा आतला पडदा बाजूला झाला आणि चेन डॉक्टर बाहेर आले. ते टीव्हीकडे पाहत होते, नानाजींकडे नव्हे.

"तो ओळखते त्याले, नाना," ते म्हणाले.

"मग खोटं काहून बोलला?"

"ओळखतो म्हटलं असतं तर दोघायले बांधून नेलं असतं." डॉक्टर थांबले. मग हळू आवाजात म्हणाले, "लढाईच्या वेळी पोलिसायनं मले येऊन विचारलं होतं, तुह्या खाटेवर रोज येऊन बसते तो कोण हाये म्हणून. तुह्या घरी तेव्हा लहान लेकरं होती, नाना."

नानाजींचा हात चौकटीवरून खाली आला.

"तू मले सांगायले पाहिजे होतं," ते म्हणाले.

"सांगितलं असतं तर तू यायचा थांबला असता?"

नानाजींनी विचार केला. "नाई," ते म्हणाले. "आलोच असतो."

मग ते आत आले. "सरक वं थोडी," असे प्रेमिलाला म्हणून ते रुग्णांच्या बाकावर बसले, डोळे उपरण्याने पुसले आणि डॉक्टरांना म्हणाले, "पुढं काय झालं नावाड्याचं? सांग ना गा."

लीनाबाई चहा करायला उठून आत गेल्या. त्या दिवशी पुढची सगळी गोष्ट डॉक्टरांनी सांगितली. आधी अडखळत, मग भराभर. मित्रांनो, माझ्या आतली चाके तेव्हा जितकी सुरेख फिरली, तितकी पुन्हा कधी फिरली नसतील.

तेव्हापासून गोष्ट सांगायचे काम डॉक्टरांकडेच गेले. ते नुसते बोलणे सांगून थांबत नसत. चहाचा पेला दोन्ही हातांनी का देतात, थोरल्याच्या आधी धाकटा जेवायला का बसत नाही, सगळे समजावून सांगत. पहिल्या दिवशी फसलेली राजवाड्याची मालिकाही त्यांनी धीराने पुन्हा लावली. तिथे नानाजी उपयोगी पडले. विणकराची नजर त्यांची. "चेहरे पाहू नका, किनारी पाहा," त्यांनी सगळ्यांना सांगितले. "रुंद किनारीची ती मोठी राणी. वेलबुट्टीवाली ती कपटी. बिनकिनारीची असेल ती दासी." मग राजवाडा सगळ्यांना ओळखीचा झाला. विषाचा पेला बदलला गेला तेव्हा अख्खी गल्ली श्वास धरून बसली होती. एवढे सारे माझ्या पोटातून निघत होते. मी ताठ झालो तर नवल ते काय?

ठरल्याप्रमाणे डॉक्टरांचे चिरंजीव पुन्हा आले, वडिलांना आणि बहिणीला न्यायला. ते नेमके रविवारी पोचले. दारातल्या चपला ओलांडून आत आले आणि तिथेच थांबले. त्यांचे वडील खोलीच्या मधोमध बसून, हात हलवून, भुताची गोष्ट सांगत होते, आणि लहानमोठी माणसे त्यांच्या तोंडाकडे पाहत होती.

"बाबा इतकं बोलतात?" त्यांनी बहिणीला विचारले.

"थांबवावं लागते आता," लीनाबाई म्हणाल्या.

खेळ संपला, माणसे पांगली. नानाजी मात्र बसून राहिले. त्यांनी सरळच विचारले, "नेतो काय गा डाक्टरले?"

"त्याच्यासाठीच आलो होतो, काका."

नानाजींनी मान हलवली. उठून ते रेडिओची तार सोडवू लागले, पण त्यांच्या हातून ती सुटेना. डॉक्टर उठले, त्यांनी ती सोडवून दिली आणि मुलाला म्हणाले, "मी इथं बरा हाये. तू कॅसेटा पाठवत जा. या वेळी थोड्या हसवणाऱ्या पाठव, या लोकायले रडून रडून कंटाळा आला."

मुलाने बहिणीकडे पाहिले. लीनाबाई म्हणाल्या, "माह्याकडं काय पाहतो? माहे रुग्ण इथंच हायेत."

तो हसला. पण आगगाडीला निघताना त्याने वडिलांचा हात बराच वेळ सोडला नाही. पुढच्या पार्सलात कॅसेट आल्या त्या सगळ्या विनोदी होत्या.

आता माझ्या पडत्या काळाचे सांगतो. एका उन्हाळ्यात कॅसेटवरचे चित्र वाचणारे माझे डोके झिजले. चित्रात पांढऱ्या रेघा पडू लागल्या आणि एक दिवस काचेवर बर्फासारखे नुसते पांढरे ठिपके पडू लागले. शेवयांच्या दुकानाचा दुसरा खंड चालू होता आणि त्याची शेवटची कॅसेट तेवढी राहिली होती. गोपाळरावांनी शहरातली सगळी दुकाने पालथी घातली. माझ्या जातीचे डोके कुठे मिळेना. माझ्यावर कापड टाकले गेले.

रविवार आला तेव्हा मला वाटले, आज कोणी येणार नाही. पण चपला वाजल्या. बाक भरला. अंजनाबाई म्हणाली, "मशीन बंद हाये तर काय झालं? डाक्टरले तर सांगता येते."

"शेवट मीही पाहिला नाई," डॉक्टर म्हणाले.

"मग करा ना तयार," प्रेमिला म्हणाली.

डॉक्टरांनी सुरुवात केली. सासू आजारी पडली, इथपर्यंत ठीक चालले. मग नानाजी म्हणाले की दुकान मोठ्या सुनेला मिळाले पाहिजे. अंजनाबाई धाकटीसाठी अडून बसली. गोपाळरावांचे म्हणणे, तिघींनी मिळून चालवावे. तीन रविवार हा वाद रंगला. अखेर ठरले की सासू बरी होते, रुसून गेलेली मधली सून परत येते आणि दुकानाचे दार पुन्हा उघडते.

कापडाखाली पडल्या पडल्या मी सगळे ऐकत होतो. पहिल्यांदा मला वाईट वाटले. माझ्यावाचून यांचे अडत नाही, असे मनात आले. मग मला उमगले की माझ्याच कामाचे हे फळ आहे. परक्या मुलखातली ती सासू आणि त्या सुना आता या माणसांच्या झाल्या होत्या.

काही महिन्यांनी हाँगकाँगहून नवे डोके आले. गोपाळरावांनी ते भिंगातून पाहत पाहत बसवले. तेव्हाच डॉक्टरांनी गुलाबी बटणही करून दिले. मी सुरू झालो आणि ती राहिलेली कॅसेट लागली. खऱ्या मालिकेत दुकान विकले जाते आणि सुना तीन गावांना निघून जातात.

शेवटचे गाणे संपले. मग अंजनाबाई उठून पदर झटकत म्हणाली, "गोष्ट लिहिणाऱ्यायले काही समजलं नाई. आपलाच शेवट बरा होता."

"हो," डॉक्टर म्हणाले. "आपलाच धरायचा."

आता दवाखान्यात रंगीत टीव्ही आला आहे आणि त्याच्याबरोबर माझ्याहून सडपातळ असा नवा व्हीसीआर. मी खाली, कवळ्यांच्या साच्यांशेजारी असतो. लीनाबाई आठवड्यातून एकदा माझ्यावरची धूळ पुसतात आणि कधीतरी, मला बरे वाटावे म्हणून, एखादी जुनी कॅसेट लावतात.

मित्रांनो, तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद असेल तर त्याच्याकडे लक्ष द्या. ओली कॅसेट त्याच्या तोंडात घालू नका, धुळीत त्याला उघडा ठेवू नका, आणि बिघडला तर लगेच भंगारात देऊ नका. आणखी एक मागणे आहे. कधी तुमच्यासमोर अशी गोष्ट आली, जिची भाषा तुम्हाला येत नाही आणि जिच्यातले चेहरे तुम्हाला सारखेच वाटतात, तर लगेच उठून जाऊ नका. शेजारी कोणी समजावून सांगणारे असेल तर त्याला विचारा. कोणीच नसेल तर त्या गोष्टीतले स्वयंपाकघर शोधा आणि तिथे घटकाभर बसा. पुढचे सारे आपोआप कळू लागेल. पाचपावलीच्या माणसांना कळले, ते मी दाखवले म्हणून, आणि याचा मला आजही अभिमान आहे.